रात्रीच्या जागरणाचा खर्च कोणाच्या खात्यात? एका पर्सनल हेल्थ बजेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

पर्सनल हेल्थ बजेट म्हणजे एका रुग्णाच्या काळजीसाठी एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, ठरवून दिलेली रक्कम. ते मिळवणारं हे मराठी कुटुंब इंग्लंडमधल्या एका शहरात गेली अनेक वर्षं राहतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याला घरात सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. वय सव्वीस. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, गंभीर बौद्धिक अपंगत्व आणि औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी. गिळताना ठसका लागतो, म्हणून सगळं फीड पोटात बसवलेल्या पेगच्या नळीतून. बिछान्यातून व्हीलचेअरवर घ्यायचं तर हॉइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र, आणि दोन माणसं लागतात. बोलता येत नाही, पण मराठी कळतं. ‘उठायचं का?’, ‘पुरे?’, ‘ताई आली बघ’ यांना तो डोळ्यांनी, मानेने, आवाजाने उत्तर देतो. हेच इंग्रजीत विचारलं तर नुसता बघत राहतो.

घरात आई, वडील आणि दादाची बहीण. वडील गोदामात शिफ्टमध्ये काम करतात. आईने, म्हणजे काकूंनी, दादा दोन वर्षांचा असतानाच नोकरी सोडली. त्यांना केअरर्स अलाउन्स, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ता, मिळतो. २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ८३.३० पाउंड होता आणि त्यासाठी आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेत असणं ही अट आहे. काकूंचे तास कोणी मोजलेच तर ते पस्तिसाच्या कितीतरी पुढे जातील.

दादाचा ईएचसी प्लॅन, म्हणजे अपंग विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा आणि काळजीचा सरकारी आराखडा, पंचविसाव्या वर्षी संपला आणि त्याबरोबर कॉलेजही. तोवर आठवड्याचे पाच दिवस भरलेले होते, ते एकदम रिकामे झाले. केअर ॲक्ट २०१४ या कायद्याखाली काउन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, असेसमेंट (गरजांची पाहणी) केली आणि डायरेक्ट पेमेंट, म्हणजे काळजीची माणसं लावायला थेट रक्कम, दिली. त्यातून एका एजन्सीची माणसं दिवसाचे काही तास येऊ लागली. काउन्सिलची मदत उत्पन्न पाहून मिळते, त्यामुळे दादाच्या बेनिफिटमधून दर महिन्याला काही रक्कम वर्गणी म्हणून कापली जायची. कुटुंबाने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

अडचण कुठे आली

काकूंच्या कमरेची डिस्क सरकली. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. पण खरा प्रश्न उचलण्याचा नव्हता, तो रात्रीचा होता.

दादाला बहुतेक रात्री फिट येते. त्याच्या पलंगाशेजारी जमिनीवर गादी घालून काकू झोपतात, एक हात वर त्याच्या मनगटावर ठेवून. गादीखाली अलार्म आहे. पण तो अंग जोरात झटकलं तरच वाजतो, आणि दादाच्या काही फिट्समध्ये अंग नुसतं ताठ होतं. तेव्हा काकूंना कळतं ते मनगटावरून. आधी डावा अंगठा बाकीच्या बोटांखाली जातो, मग श्वास अडखळतो. त्या उठून त्याला कुशीवर वळवतात, फीडचा पंप थांबवतात, घड्याळाकडे बघतात. पाच मिनिटं उलटली तर गालात मिडाझोलॅम, म्हणजे फिट थांबवणारं औषध. नंतर तो शांत झोपतो आणि त्या जाग्या राहतात.

हे सगळं चोवीस वर्षं चाललं आणि कोणत्याही कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. काउन्सिलच्या असेसमेंटमध्ये रात्रीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आई त्याच खोलीत झोपते, कुटुंबाला अडचण नाही.’ भेटीच्या वेळी काकू म्हणाल्या होत्या, ‘चालतंय, आम्ही बघतो.’ आपल्याकडे घरी आलेल्या माणसासमोर रडगाणं गात नाहीत, त्या संकोचातून आलेलं ते वाक्य होतं. कागदावर उतरल्यावर त्याचा अर्थ झाला, गरज नाही.

रात्रीसाठी माणूस मागितला तेव्हा टोलवाटोलवी सुरू झाली. काउन्सिल म्हणे, रात्रभर जागून फिट्स सांभाळणं हे आरोग्यसेवेचं काम आहे, एनएचएसने पैसे द्यावेत. एनएचएसच्या बाजूने इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजे आयसीबी, म्हणे की हा सोशल केअरचा, म्हणजे काउन्सिलच्या काळजीसेवेचा, रुग्ण आहे. मी ॲडव्होकेट म्हणून, म्हणजे वकील नव्हे तर कुटुंबाची बाजू मांडायला मदत करणारी म्हणून, या कुटुंबाबरोबर बसू लागले ती याच टप्प्यावर.

पहिला निर्णय: सीएचसीची वाट धरायची का?

एनएचएसचं कंटिन्युइंग हेल्थकेअर, म्हणजे सीएचसी, मिळालं तर काळजीचा सगळा खर्च एनएचएस उचलतं, उत्पन्न बघितलं जात नाही. घरी राहणाऱ्या सीएचसीच्या रुग्णाला पर्सनल हेल्थ बजेट मिळण्याचा हक्क ऑक्टोबर २०१४ पासून आहे. पण त्यासाठी माणसाची मूळ गरज आरोग्याची आहे हे ठरावं लागतं. आजाराचं नाव पुरत नाही. गरजांचं स्वरूप, तीव्रता, गुंतागुंत आणि बेभरवशीपणा या चार कसोट्या लावतात.

काका, म्हणजे दादाचे वडील, कचरत होते. ‘काउन्सिलचं आहे तेही गेलं तर?’ ही भीती मला अनेक घरांत भेटते, आणि ती रास्त आहे. सीएचसीची सरकारी नियमावली, म्हणजे नॅशनल फ्रेमवर्क, सांगते की दोन्ही यंत्रणांपैकी कोणीही एकतर्फी पैसे काढून घेऊ नयेत, आधी संयुक्त असेसमेंट झाली पाहिजे. ते वाक्य छापून मी काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘मग करूया.’

सोशल वर्करने चेकलिस्ट, म्हणजे प्राथमिक छाननीचा फॉर्म, भरली, ती पुढे गेली. त्यानंतर पूर्ण असेसमेंट, म्हणजे डिसिजन सपोर्ट टूल किंवा डीएसटी. यात बारा विभाग असतात: श्वास, पोषण, त्वचा, हालचाल, संवाद, औषधं, शुद्धीतले बदल वगैरे. प्रत्येकात गरजेची पातळी ठरवतात. चार विभागांत ‘प्रायॉरिटी’ ही सर्वांत वरची पातळी असते. त्यातल्या एकातही ती मिळाली तर पात्रतेची शिफारस अपेक्षित असते.

पहिली बैठक आमच्या विरोधात गेली. असेसर नर्सने विचारलं, ‘गेल्या वर्षात ॲम्ब्युलन्स किती वेळा बोलावली?’ काकू म्हणाल्या, ‘एकदाही नाही.’ त्यांना वाटलं ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती होतीच. पण शुद्धीच्या विभागात पातळी लागली ‘मॉडरेट’, म्हणजे मध्यम. शिफारस झाली, पात्र नाही.

दुसरा निर्णय: नकार आल्यावर

समोर तीन वाटा होत्या. नकार मान्य करून काउन्सिलकडेच जास्त तास मागायचे. काउन्सिल आणि आयसीबी यांनी मिळून पैसे द्यावेत असं संयुक्त पॅकेज मागायचं. किंवा निर्णयाला आव्हान द्यायचं, ज्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते.

संयुक्त पॅकेजचा मोह होता, कारण ते लवकर हातात आलं असतं. पण रात्रीचा वाटा कोणाचा हा मूळ वाद त्यात तसाच राहिला असता आणि दरवर्षीच्या रिव्ह्यूला पुन्हा उकरला गेला असता. दादाच्या गरजा कमी होणाऱ्या नाहीत. म्हणून आव्हान द्यायचं ठरलं.

आमचा सगळा भर फ्रेमवर्कमधल्या एका तत्त्वावर होता: नीट सांभाळलेली गरज ही गरजच असते. उत्तम काळजीमुळे धोका टळतो आहे म्हणून पातळी खाली आणता येत नाही. गरज कायमची कमी किंवा नाहीशी झाली असेल तरच ते विचारात घ्यायचं. दादाची गरज कुठेही गेली नव्हती. काकूंचा हात त्याच्या मनगटावर होता, एवढंच.

पण तत्त्व नुसतं उद्धृत करून भागत नाही, ते नोंदींतून दिसावं लागतं. बहिणीने फोनवर एक साधा तक्ता बनवला: वेळ, काय दिसलं, किती मिनिटं, काय केलं, आणि शेवटचा रकाना, ‘कोणी नसतं तर काय झालं असतं’. हा रकाना तिनेच सुचवला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची भर. कारण त्यात लिहिलं गेलं, ‘फीड चालू होतं, पंप बंद केला नसता तर उलटी फुप्फुसात गेली असती.’ काकू मराठीत सांगायच्या, ती इंग्रजीत लिहायची. एपिलेप्सी नर्सने स्वतंत्र पत्र दिलं. त्यात रात्रीच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येत नाहीत आणि लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर जिवाला धोका आहे, असं स्वच्छ लिहिलं होतं.

फेरविचारात शुद्धीच्या विभागाची पातळी ‘प्रायॉरिटी’ झाली. बहुतेक दिवशी येणारे, प्रतिबंधक उपचारांना न जुमानणारे आणि गंभीर इजेचा धोका असणारे झटके, अशी त्या पातळीची व्याख्या आहे. दोन महिन्यांच्या नोंदींशी ती शब्दाशब्दाला जुळली. दादा पात्र ठरला. मूळ निर्णयाच्या तारखेपासून भरलेली वर्गणीही काउन्सिलमार्फत परत आली.

तिसरा निर्णय: पैसा कोणाच्या हातात?

पर्सनल हेल्थ बजेट चालवायचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात पैसा आयसीबीकडेच राहतो आणि कुटुंब फक्त सेवा निवडतं. दुसऱ्यात स्वतंत्र संस्था पैसा सांभाळते आणि माणसं नेमते. तिसरा डायरेक्ट पेमेंट: पैसा वेगळ्या बँक खात्यात येतो, काळजी घेणारी माणसं, म्हणजे पर्सनल असिस्टंट किंवा पीए, आपण नेमायचे आणि नियोक्ता म्हणून कायद्याने आपणच जबाबदार. या तिन्हींचं मिश्रणही चालतं, हे पुष्कळ कुटुंबांना सांगितलंच जात नाही.

आधी एक वेगळी गाठ सोडवावी लागली. मूल अठराचं झालं की आईवडिलांना त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा आपोआप अधिकार राहत नाही. दादाला या निर्णयाची समज नाही, हे मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ प्रमाणे तपासून नोंदवलं गेलं आणि डायरेक्ट पेमेंटसाठी त्याचे प्रतिनिधी म्हणून आयसीबीने काकांना मान्यता दिली. यासाठी कोर्टाकडून डेप्युटीशिप, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार, आणावीच लागते असं नाही.

काकूंना सगळं डायरेक्ट पेमेंटवर हवं होतं. एजन्सीची माणसं सतत बदलतात, आणि दर नव्या माणसाला अंगठ्याची खूण नव्याने शिकवायची, हे त्यांना नको होतं. बहीण अजिबात तयार नव्हती. पगार, सुट्ट्या, आजारपणं हे सगळं शेवटी आपल्याच अंगावर येणार हे तिला दिसत होतं. मला दोघींचंही पटत होतं. शेवटी फोड केली ती अशी: दिवसा डायरेक्ट पेमेंट, मराठी समजणारे पीए मिळतील तितके. रात्री स्वतंत्र संस्था, पण ठरलेल्या चार माणसांचीच टीम, आणि नवा माणूस आला तर आधी त्याने काकूंबरोबर रात्री काढायच्या, ही अट केअर प्लॅनमध्ये लिहून. रात्री कोणी आलंच नाही तर पर्यायी माणूस उभा करायची ताकद घरात नव्हती, संस्थेत होती. यावर निर्णय झाला.

काकूंनाच पगार द्यावा, ही सूचनाही आली. एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला या पैशातून पगार देता येत नाही. गरज भागवायला ते आवश्यक आहे अशी आयसीबीची खात्री पटली तरच अपवाद होतो. पण काकूंची कमर हेच तर सगळ्याचं कारण होतं. तो पर्याय तिथेच सोडला.

भारतातून एखाद्या अनुभवी बाईंना आणावं असं काकांच्या मनात होतं. तेही होण्यासारखं नव्हतं. केअर वर्करला स्पॉन्सर करायला इंग्लंडमध्ये सीक्यूसीकडे, म्हणजे काळजीसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदलेली संस्था लागते, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने केअर वर्कर आणणंच बंद झालं आहे.

पैशाचं गणित

आयसीबीचा पहिला आकडा आला तेव्हा घरात आनंद झाला. मी दोन गोष्टींवर बोट ठेवलं.

पहिली रात्र. आकडा ‘स्लीप-इन’ धरून काढला होता, म्हणजे माणूस घरात झोपेल आणि लागलं तर उठेल. मार्च २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर स्लीप-इनमध्ये झोपेच्या तासांना किमान वेतन लागू होत नाही, त्यामुळे ते बरंच स्वस्त पडतं. पण दादाच्या फिटमध्ये आवाज होत नाही. झोपलेल्या माणसाला ती कळणार कशी? ‘वेकिंग नाइट’ हवी होती, प्रत्येक तासाचं पूर्ण वेतन देऊन. ज्या डीएसटीने ‘प्रायॉरिटी’ दिली, त्याच कागदाशी हे स्लीप-इन विसंगत होतं, आणि आम्ही तेवढंच लिहून पाठवलं. आयसीबीने वाद न घालता बदल केला.

दुसरी गोष्ट दिवसाचा दर. तासाला १५ पाउंड मंजूर झाले होते. २०२५-२६ चं किमान वेतन १२.२१, त्यामुळे वरवर भरपूर वाटत होतं. पण १३.५० पाउंडांच्या खाली त्या भागात हॉइस्ट आणि पेग हाताळणारं कोणी येईना. १३.५० धरले की कायद्याने वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी सुट्टी, म्हणजे त्यावर १२.०७ टक्के: १.६३ पाउंड. बेरीज १५.१३. अजून पेन्शनचे ३ टक्के, विमा, पगारपत्रकाची सेवा, आजारपण आणि नव्या माणसाचे शिकण्याचे दुहेरी तास बाकी आणि पैसे आधीच संपले. हा हिशेब एका कागदावर मांडून दिला, दर वाढला.

नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारावर नियोक्त्याने सरकारला भरायच्या रकमेची, मात्र धास्ती नव्हती. एप्रिल २०२५ पासून नियोक्त्याचा दर १५ टक्के झाला, पण काळजीसाठी माणूस ठेवणाऱ्या व्यक्तीला त्यातून सूट, म्हणजे एम्प्लॉयमेंट अलाउन्स, मागता येतो, वर्षाला १०,५०० पाउंडांपर्यंत. या घराची सगळी देणी त्यात बसली. ही सवलत आपोआप लागू होत नाही, पगारपत्रक करणाऱ्याला तिचा दावा करायला सांगावं लागतं.

अंमलबजावणीत काय झालं

मंजुरी आली आणि पहिला पीए खऱ्या अर्थाने कामाला लागला, यामध्ये बराच काळ गेला. कारण पैसे नव्हते असं नाही. पेगचं फीड आणि मिडाझोलॅम ही नर्सने सोपवलेली कामं आहेत. प्रत्येक पीएचं प्रशिक्षण होऊन नर्सने ‘सक्षम’ अशी सही केल्याशिवाय त्याला ती करता येत नाहीत. सही करणारी नर्स मिळेपर्यंत पीए पगारावर होते आणि औषध काकूच देत होत्या. बजेटच्या चर्चेत रकमेवर तासन् तास जातात आणि या सहीवर कोणी बोलत नाही, याची मला खरोखर चीड येते.

दिवसाच्या तीन पीएंपैकी दोघी मराठी बोलणाऱ्या मिळाल्या. त्यातली एक विद्यापीठात शिकणारी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणून तिचे तास काटेकोर ठेवले. तिसरा पीए इंग्रज तरुण. त्याने ‘पुरे का?’ आणि ‘दुखतंय?’ हे शिकून घेतलं आणि दादा त्यालाही उत्तर देऊ लागला. पहिल्यांदा दादाने त्याच्याकडे मान वळवली तेव्हा काकू स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आल्या होत्या.

रात्रीच्या टीमवर विश्वास बसायला वेळ लागला. पहिले काही आठवडे काकू दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मग वरच्या मजल्यावर झोपू लागल्या.

तीन महिन्यांच्या रिव्ह्यूला तोच जुना प्रश्न वेगळ्या रूपात आला. ‘फिट्स कमी कालावधीच्या दिसताहेत, रात्रीचे तास कमी करता येतील का?’ या वेळी तक्ता तयार होता, आणि तो रात्रीच्या टीमने भरलेला होता. फिट्सची संख्या तितकीच होती. वेळीच हालचाल होत असल्याने त्या लवकर आवरत होत्या. तास कायम राहिले.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. विद्यार्थिनीचा अभ्यासक्रम संपला, ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली आणि तिच्या जागी मराठी समजणारं कोणी मिळालेलं नाही. खात्यात साठलेली काही रक्कम आयसीबीने परत घेतली. ती आजारपणाच्या बदलीसाठी राखून ठेवली होती, पण प्लॅनमध्ये आपत्कालीन निधी म्हणून तिची नोंद नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी या प्रकरणाच्या कितीतरी आधी हुकली. मुलांच्या सेवांनी चौदाव्या वर्षी संभाव्य नावं कळवावीत, सोळाव्या वर्षी रेफरल करावा आणि सतराव्या वर्षी पात्रतेचा तत्त्वतः निर्णय व्हावा, अशी फ्रेमवर्कची अपेक्षा आहे. दादाच्या बाबतीत शाळा, कॉलेज, दवाखाना, काउन्सिल यांपैकी कोणीही हा विषय काढला नाही. तेव्हा झालं असतं तर काकूंच्या कमरेवर आठ-नऊ वर्षांचा भार पडला नसता.

पहिल्या डीएसटीला नोंदी नव्हत्या. नोंदींसाठी बैठक पुढे ढकलायची विनंती करता आली असती. निर्णय सर्वसाधारणपणे २८ दिवसांत व्हावा असा दंडक असला, तरी घाईने आलेला नकार पुढे जास्त वेळ खातो. त्या बैठकीला दुभाषाही हवा होता. काकूंचं इंग्रजी व्यवहारापुरतं चांगलं आहे, म्हणून कोणाला गरज वाटली नाही. पण मुलाच्या जिवावर बेतलेली रात्र कशी जाते, हे त्या मराठीतच नीट सांगू शकतात.

प्रशिक्षण आणि सही याची तारीख बजेटच्या मंजुरीतच लिहून घ्यायला हवी होती, आणि आपत्कालीन निधी स्वतंत्र ओळ म्हणून. दोन्ही आता पुढच्या प्लॅनमध्ये घातले आहेत.

आणि काकूंची स्वतःची असेसमेंट. सीएचसी मिळालं की कुटुंबाचा काउन्सिलशी संबंध संपला असं सगळे धरून चालतात. तसं नाही. काळजी घेणाऱ्याची असेसमेंट करणं हे केअर ॲक्टखाली काउन्सिलचंच काम राहतं. तो अर्ज आता गेला आहे. काकूंच्या कमरेची शस्त्रक्रिया ठरते आहे. त्यानंतर काही आठवडे त्यांना हॉइस्टलाही हात लावता येणार नाही, म्हणून त्या काळापुरते दिवसाचे तास वाढवून मिळावेत असं पत्र काकांनी या वेळी स्वतःच लिहून आयसीबीला पाठवलं आहे.